क्रियापद आधी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी यंगदो बेटावरच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात क्रेनच्या साखळीतून लोखंडी पत्रा निसटला आणि प्यो मुकादमाच्या डाव्या पायावर पडला. पायाची दोन बोटं मोडली. बुटाच्या टोकात पोलादी टोपी होती म्हणून पाऊल वाचलं, असं इस्पितळात सांगण्यात आलं.

पत्रा कलतोय हे सगळ्यांच्या आधी क्वाक उन्जोला दिसलं होतं. ती यार्डाची सुरक्षा-शिक्षिका. त्या वेळी ती डेकवरच होती, मुकादमापासून अगदी जवळ. ती गप्प राहिली असंही नाही. पत्र्यावर नजर ठेवून तिनं चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं, "मुकादमसाहेब, माफ करा हं, आपली हरकत नसेल तर क्षणभर जरा..."

पुढचा शब्द 'थांबता का' हा होता. तो ओठांवर येईतो पत्रा खाली आला होता.

चौकशी झाली. अहवालात झिजलेल्या हुकाचा उल्लेख आला, उन्जोचा आला नाही. संचालक पांगसाहेबांनी तिला बोलावून एवढंच सांगितलं की महिनाअखेरीचं शिबिर ठरल्याप्रमाणे घ्यायचं, या वेळी ते स्वतः मागच्या रांगेत बसतील, आणि तिला नोकरीत कायम करायचं की नाही ते त्यानंतर बघू. बोलणं सौम्य होतं. उन्जो कमरेत वाकली, आभार मानले आणि बाहेर पडली. जिना उतरताना ते वाक्य ती मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती. त्यात माफी होती, परवानगी होती, पदवी होती, आर्जव होतं. थांबणं तेवढं नव्हतं.

उन्जो पस्तिशीची. यार्डात येण्याआधी ती शहरातल्या एका मोठ्या दुकानात विक्रेत्या मुलींना अदब शिकवायची. किती अंशांत वाकायचं, पावती कोणत्या हातानं द्यायची, 'नाही' हा शब्द न वापरता नाही कसं म्हणायचं. तिथला नियम सोपा होता: वाक्याला जितकी झालर जास्त, तितका गिऱ्हाइकाचा मान जास्त. झालर लावता लावता मान गिऱ्हाइकावरून घरंगळून वस्तूंनाही मिळायला लागला होता. "आपल्या कॉफी आल्या आहेत," असं त्या मुली एका पेल्याबद्दल म्हणायच्या, आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. पुढे दुकानाचे मजले एकेक करून बंद झाले. उन्जोनं सुरक्षा-शिक्षणाची परीक्षा दिली, पास झाली आणि रेशमी रुमाल सोडून डोक्यावर हेल्मेट चढवलं. जीभ मात्र दुकानातलीच राहिली.

यार्डातल्या पहिल्याच शिबिरात तिनं सांगितलं होतं, "आता क्रेन आपल्या डोक्यांवरून जाणार आहेत. त्या पुढे गेल्या की मग आपण यावं."

मागून कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "आपल्याकडे क्रेन एकच आहे ना?"

"एकच. पण मोठ्या घरची आहे."

त्या दिवसापासून यार्डात क्रेनचं नाव 'क्रेनवहिनी' पडलं. वहिनी आल्या, वहिनी गेल्या, वहिनींना तेल पाजा. उन्जो हसण्यावारी न्यायची. शिबिराच्या शेवटी ती विचारायची, "सगळ्यांना समजलं ना?" आणि सगळे एका सुरात "हो" म्हणायचे. हा 'हो' तिला दुकानातल्या मुलींकडून मिळायचा तसाच वाटायचा. तो 'जेवायची वेळ झाली' असा होता, हे समजायला मुकादमाची दोन बोटं मोडावी लागली.

ती फळांच्या रसाची पेटी घेऊन इस्पितळात गेली. प्यो मुकादम एकसष्टीचा, रुंद हाडाचा, कुणी वयाचा मान चुकवला तर वर्षभर त्या माणसाकडे न बघणारा गडी. सख्ख्या पुतण्यानं एकदा पिण्याच्या भरात त्याला 'तू' म्हटलं, तर दोन सण त्याच्या घरी गेला नाही, ही गोष्ट सगळ्या बेटाला माहीत होती. उन्जो माफी मागायला लागली तसं त्यानं हात वर केला.

"बाई, तुमचं ते 'माफ करा' ऐकलं आणि मी मान वळवली. मान वळली म्हणून भार उजव्या पायावर गेला. नाहीतर दोन्ही पाय खाली होते."

हे खरं होतं की समजूत, ते उन्जोला आजवर कळलेलं नाही. वडीलधाऱ्यानं पुढे केलेला पेला दोन्ही हातांनी घ्यायचा असतो, तसं तिनं ते घेतलं. उतरताना लिफ्टमध्ये तिला रडू आलं, आणि त्यातलं निम्मं कृतज्ञतेचं होतं.

यार्डाच्या फाटकासमोर चु मक्सुन आजींचं डुकराच्या सुपाचं आणि भाताचं हॉटेल आहे. सहा टेबलं, एक मोठं पातेलं. आजी चौऱ्याऐंशीच्या. तरुणपणी त्या जहाजाच्या कुशीला दोरानं लटकून हातोडीनं गंज खरवडायच्या. बेटावरच्या त्या पिढीच्या कितीतरी बायकांनी तेच केलं. दिवसभर लोखंडावर लोखंड. त्यात कान गेले ते गेलेच. आता डाव्या कानानं थोडंसं ऐकू येतं, तेही समोरच्यानं तोंडाकडे तोंड करून म्हटलं तर.

उन्जो रोज दुपारी तिथंच जेवायची. आणि रोज तिच्या सुपासोबत हिरव्या पातीची भरलेली वाटी यायची, जी तिनं कधीच मागितलेली नव्हती. ती मागायची खारवलेला जवळा. नोकरीला लागल्यापासून ती निमूटपणे पात खात होती. आजींची पद्धत असेल, असं तिला वाटायचं.

अपघाताच्या आठवड्यात ती जेवायला बसली असताना शेजारच्या टेबलावर एक वेल्डर येऊन बसला. खाली बसायच्या आधीच तो म्हणाला, "जवळा! सूप एक." आजींनी मान हलवली. जवळा आला.

उन्जोनं चमचा खाली ठेवला. मग आजी जवळून जाताना ती नेहमीसारखं म्हणाली, "आजी, आपल्याला त्रास होणार नसेल तर मला थोडासा..." आजी कधीच पुढे गेल्या होत्या. थोड्या वेळानं त्या परत आल्या आणि त्यांनी तिच्यापुढे पातीची दुसरी वाटी ठेवली.

"आवडते ना तुला," त्या म्हणाल्या. "रोज काहीतरी लांबलचक मागतेस. लांबलचक म्हणजे पातच असणार."

वेल्डर सुपात तोंड खुपसून हसत होता. उन्जोही हसली, अपघातानंतर पहिल्यांदा. हसता हसता तिच्या ध्यानात आलं की आजी कुणाचंही पूर्ण वाक्य ऐकतच नाहीत. पहिला शब्द कानात पडतो, तेवढ्यावर त्या पाठ फिरवतात. म्हणून या हॉटेलात येणारा प्रत्येक जण, बाहेर कितीही अघळपघळ बोलत असला तरी, आत पाऊल टाकताच मुद्द्याचा शब्द आधी टाकतो. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. भूक लागली होती, एवढंच.

दुपारचं जेवण आटपून संध्याकाळची गर्दी सुरू होईपर्यंत आजी लसूण सोलत बसतात. त्या वेळात उन्जो आपल्या शिबिराचं भाषण घेऊन त्यांच्यापुढे उभी राहायला लागली. यार्डाकडचं दार उघडं ठेवायचं, म्हणजे हातोड्यांचा आणि घासणीयंत्राचा आवाज आत यायचा. मग बोलायचं. आजींनी सांगून टाकलं होतं की त्यांना त्या विषयातलं ओ की ठो कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. ऐकू आलं तर त्या हातातला चमचा वर करणार, नाही आलं तर लसूण सोलणार.

पहिल्या दिवशी पुष्कळ लसूण सोलून झाला.

दुसऱ्या दिवशी उन्जोनं स्वागत काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी आकडेवारी गेली. सरकारी नियमांची कलमं गेली, मग त्या नियमांचं महत्त्व सांगणारा भाग गेला. कागदाकडे बघून बोललं की आजींना ओठ दिसत नाहीत आणि चमचा खालीच राहतो, म्हणून कागदही गेला. येरझाऱ्या घालत बोलण्याची दुकानातली सवय होती. चाललं की तोंड वळतं, म्हणून तीही गेली. एका जागी उभं राहायचं, एका माणसाकडे बघायचं, एक गोष्ट सांगायची आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं तिला सगळ्यात जड गेलं. दुकानात शांतता म्हणजे गिऱ्हाईक गेलं असा अर्थ होता.

"बोल की," आजी म्हणाल्या.

"झालं, आजी. एवढंच आहे."

"मग ठीक. मी म्हटलं, मलाच ऐकू येईना."

अशी एक दुपार आली की उन्जो म्हणाली, "बघा वर. आधी वर, मग पाऊल." आजींचा चमचा वर गेला आणि त्यांनी खरोखरच छताकडे पाहिलं. तिथं जाळं लागलं होतं. त्यांनी उन्जोला झाडू आणायला पाठवलं. तिला इतका आनंद एखाद्या बक्षिसानंही झाला नसता.

पण एक शब्द अडून बसला होता. 'थांबा' म्हटलं तरी पुढे 'हं', मागे 'जरा', आणि त्याच्या आधी समोरच्याची पदवी, हे आपोआप चिकटायचं. ते सोलून काढायला गेलं की उरायचं नुसतं 'थांब'. आणि 'थांब' आपल्यापेक्षा वयानं मोठ्या माणसाला म्हणायचं नसतं. एका वर्षाचा फरक असला तरी नसतं. बेटावर दोन अनोळखी माणसं एकत्र प्यायला बसली तर पहिल्या पेल्याआधी जन्मसाल विचारतात, कारण त्याशिवाय वाक्य कसं संपवायचं तेच ठरत नाही. आणि भांडण पेटलं तरी पहिला प्रश्न तोच असतो: वय किती तुझं?

उन्जोनं आजींना विचारलं की जहाजाला लटकलेलं असताना बायका एकमेकींना हाक कशी मारायच्या.

"थांब, ओढ, सोड," आजी म्हणाल्या. "तिसरं काही नव्हतं बाई... म्हणजे चौथं."

"आणि वरून मालक जात असला तर?"

"मालकाला पण थांबच. खाली आल्यावर वाकायचं. वर असताना कोण वाकतंय, पडेल की."

त्या पुन्हा लसणाकडे वळल्या. उन्जोला शिबिर सापडलं होतं.

महिनाअखेरीच्या सकाळी जेवणाच्या शेडमध्ये सगळे कामगार जमले. यंत्रातल्या कॉफीचे कागदी पेले हातोहात फिरले. मागच्या रांगेत पांगसाहेब हाताची घडी घालून बसले. प्यो मुकादमाला त्या दिवशी यायचं कारण नव्हतं, तो अजून रजेवर होता. पण कुबडी टेकत आला आणि पुढच्या खुर्चीवर पाय लांब करून बसला. कुणीतरी विचारलं की मुकादम दादा, वहिनींना भेटायला आलात का. मुकादमानं सांगितलं की वहिनींनीच पाय मोडला, आता खर्चपाणी मागायला आलोय.

उन्जो उभी राहिली. स्वागत नाही, हवामान नाही. एका जागी उभी राहून ती म्हणाली, "पत्रा पडला तेव्हा मी बोलत होते. माझं वाक्य लांब होतं. पत्रा लांब नव्हता." आणि ती गप्प बसली.

शेडमध्ये पेले खाली ठेवल्याचे आवाज आले. यार्डातल्या माणसांनी बाईंना गप्प उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मग तिनं नियम सांगितला. डोक्यावर ओझं असेल, ठिणगी उडत असेल, शिडी हलत असेल, तर जो बघेल त्यानं 'थांब' म्हणायचं. नुसतं थांब. कुणालाही. पदवी नाही, 'हो' नाही, 'जी' नाही. ज्याला म्हटलं त्यानं आधी थांबायचं, राग नंतर. आणि आता प्रत्येकानं पुढे येऊन आपल्याहून मोठ्या माणसाला एकदा तसं म्हणून दाखवायचं.

कुणी हललं नाही. काही जण बुटांकडे बघायला लागले. एकानं हळूच सुचवलं की शिट्टी वाजवली तर नाही का चालणार. दुसऱ्यानं म्हटलं, मी शेडमध्ये सगळ्यांत मोठा आहे, म्हणजे मी सुटलो. त्यावर तिसरा म्हणाला, तू मोठा कसला, माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहेस, ये पुढे. पण आलं कुणीच नाही. पांगसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

हा भाग आजींपुढे करून बघता आला नव्हता. शेवटी तिनं मुकादमाला विनंती केली की जमत असेल तर शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवाल का. मुकादम उठला. कुबडी, पाय, कुबडी, पाय. तो मध्यावर आला तेव्हा तिनं तोंड उघडलं. आपल्याहून सव्वीस वर्षांनी मोठा माणूस. तिच्यामुळे पाय गेलेला, किंवा तिच्यामुळे पाय राहिलेला.

"थांब," ती म्हणाली.

मुकादम थांबला. कुबडी हवेतच राहिली. त्याचे कान लाल झालेले पहिल्या रांगेला दिसले. मुकादमानं सावकाश वळून तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे पाहिलं.

"परत म्हण," तो म्हणाला. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

ती परत म्हणाली, या वेळी मोठ्यानं. मुकादम मान डोलावून पुढे चालायला लागला, आणि मग धरण फुटलं. वेल्डर आला, रंगारी आला, ज्यांना मुकादमानं वर्षानुवर्षं फैलावर घेतलं होतं ते सगळे ओळीनं आले आणि पोटभर 'थांब' म्हणून गेले. काही जण दोनदा येताना पकडले गेले. मुकादम दर वेळी थांबत होता आणि "तुझं नाव लिहून ठेवतोय," असं पुटपुटत होता. पांगसाहेबांनी हाताची घडी सोडली होती.

एक मा बोकशिल तेवढी अडली. वेल्डिंग चालू असताना हातात अग्निशामक घेऊन ठिणग्यांवर नजर ठेवायचं काम तिचं. सत्तेचाळीसची, बोलायला मऊ, सात भावंडांत धाकटी. ती पुढे आली, तोंड उघडलं, "मुका..." म्हणाली आणि थिजली. पुन्हा प्रयत्न केला. शेवटी वाकून माफी मागून जागेवर गेली. कुणी हसलं नाही.

शिबिर संपल्यावर तिनं उन्जोला गाठलं. म्हणाली, "बाई, बाकीच्यांच्या घशात तो शब्द अडकलेला होता, तो सुटला. माझ्याकडे तो मुळात नाहीच. आयुष्यात कुणाला म्हणायची वेळ आली नाही. मला कामावरून काढतील का?"

दुकानातल्या उन्जोनं तिला चार गोड वाक्यं ऐकवली असती. या उन्जोनं तिला दुपारी आजींच्या हॉटेलात बोलावलं.

तिथं आजी वाफाळतं सूप घेऊन पातेल्यापासून टेबलापर्यंत जाणार, आणि बोकशिलनं त्यांना वाटेत थांबवायचं, असं ठरलं. बोकशिलनं शब्द उच्चारला तो मुंगीला सांगावा तसा. आजी सूप ठेवून परत आल्या. दुसऱ्यांदा तेच. पुढच्या दिवशी तेच. आजी कुरकुरल्या की या वयात मला कवायत करायला लावताय आणि सूप पिणारं कुणीच नाही. उन्जो सूप प्यायला बसली. बहिऱ्या माणसाला 'थांब' म्हणण्यात अपमान कसला, त्याला ऐकूच येत नाही, असं ती बोकशिलला समजावत होती. बोकशिल म्हणाली की ऐकू आलं तर होईलच ना अपमान. उन्जोनं सूप पुढे ओढलं.

मग एका दुपारी आजी वळताना बाकाला अडखळणार होत्या. खरोखरच. बाक कुणीतरी सरकवून ठेवलेला, हातात उकळतं सूप.

"थांब!"

आजी थांबल्या. सूप हिंदकळलं, सांडलं नाही. त्यांनी बाकाकडे पाहिलं, बोकशिलकडे पाहिलं आणि मोकळ्या हाताची दोन बोटं चमच्यासारखी वर केली. बोकशिल मटकन खाली बसली आणि हुंदके देत माफी मागायला लागली. आजींना त्यातलं काही ऐकू आलं नाही. बाक कुणी सरकवला होता हे उन्जोनं विचारलं, तेव्हा आजींना तेही ऐकू आलं नाही.

शिबिरानंतर यार्डाच्या फाटकावर पाटी लागली: पिवळ्यावर काळा एकच शब्द. पांगसाहेबांनी ती लावू दिली. कायम करण्याबद्दल मात्र काही बोलले नाहीत. म्हणाले, मोठ्या मालकांच्या कानावर घालतो.

मोठे मालक म्हणजे पांगसाहेबांचे वडील. यार्ड त्यांनी उभं केलं. ऐंशी उलटली तरी रोज सकाळी हात पाठीमागे बांधून एक फेरी मारतात. ते दिसले की जो जिथं असेल तिथं काम सोडून कमरेत वाकतो, नजर जमिनीकडे. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली की कुणाला तिच्यात धोका दिसला नव्हता. उन्जोलाही नाही.

परवा, गुरुवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास मोठे मालक दोन नंबरच्या गोदीवरून चालले होते. माणसं वाकली. क्रेनवर जहाजाचा एक जुना पंप टांगलेला होता आणि तो वाऱ्यानं झुलत त्यांच्या वाटेवर येत होता. क्रेन चालवणाऱ्याच्या समोर धुराड्याचा आडोसा होता. बाकी सगळ्यांच्या नजरा जमिनीवर होत्या. एकट्या बोकशिलची नव्हती, कारण वेल्डिंग चालू होतं आणि ठिणगीवरची नजर हलवायची नाही हे तिचं काम. ठिणगीच्या मागे तिला पंप दिसला.

"थांब!"

शब्द गोदीच्या भिंतीवर आपटून परत आला. मोठे मालक थांबले. पंप त्यांच्यापुढून, आणखी दोन पावलं टाकून ते जिथं असते तिथून, झुलत गेला आणि पलीकडे नीट खाली ठेवला गेला. साखळी तुटली नाही, हूक निसटला नाही. काही पडलं नाही.

मोठ्या मालकांनी मान वळवली. वाकलेली माणसं वाकलेलीच राहिली. ते बोकशिलपाशी आले आणि त्यांनी विचारलं, "वय किती तुझं?"

"सत्तेचाळीस," ती म्हणाली. अग्निशामक तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

त्यांनी हात पुन्हा पाठीमागे बांधले आणि ते निघून गेले.

तो प्रश्न कशाचा होता यावर तेव्हापासून यार्डात दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, हा भांडणाचा प्रश्न, बाईची नोकरी गेली आणि तिच्यासोबत क्वाक बाईंचीही. दुसऱ्याचं म्हणणं, म्हाताऱ्या माणसानं जीव वाचवणारीचं वय विचारू नये काय. पहिला तट म्हणतो, जीव वाचवला कशावरून, पंप तर पडलाच नाही.

काल दुपारी कार्यालयातून निरोप आला: सोमवारी दहा वाजता क्वाक उन्जो आणि मा बोकशिल यांनी मोठ्या मालकांना भेटावं. कारण दिलेलं नाही. प्यो मुकादमाला कुणी बोलावलेलं नाही. तो म्हणाला की मीही येणार, मला बसायला खुर्ची ठेवा.

निरोप मिळाल्यावर उन्जो बोकशिलला घेऊन आजींकडे गेली. सोमवारनंतर इथं रोज येणं होईल की नाही हे माहीत नव्हतं, आणि एक गोष्ट राहून चालणार नव्हती. आजी पातेल्याशी होत्या. ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, तोंडाकडे तोंड करून. काय काय म्हणायचं ते येताना तिच्या मनात जुळलं होतं: कान, लसूण, पातीच्या वाट्या, सरकवलेला बाक. त्यातलं तिनं काहीच घेतलं नाही.

"आभार, आजी," ती म्हणाली आणि गप्प राहिली.

चमचा वर गेला. मग आजींनी तिच्यापुढे सूप ठेवलं, आणि सोबत खारवलेल्या जवळ्याची वाटी. बोकशिलला त्यांनी पात दिली; तिचं मागणं अजून लांबलचक असतं.

आज शनिवार. फाटकावरची पाटी जागेवर आहे. दोन नंबरच्या गोदीवर वेल्डिंग सुरू आहे आणि बोकशिल कामावर आहे. मोठे मालक आज सकाळी फेरीला आले नाहीत. असं याआधी कधी झालं होतं, ते यार्डात कुणालाही आठवत नाही.